मिस्त्रींची झील

मिस्त्रींवर काहीतरी लिहा, असं मला आजवर तिघांनी सांगितलं. पहिल्याला मी चष्म्याचा नंबर वाढल्याचं कारण दिलं, दुसऱ्याला हात थरथरतो म्हणालो आणि तिसऱ्यावर, तो माझाच जुना विद्यार्थी असल्यामुळे, कारण न देता नुसता रागावलो. चष्मा ठीक आहे, हातही ठीक आहे. मिस्त्रींवर लिहायला बसलं की शेवटी माझ्यापाशी येऊन थांबावं लागतं, हे ठाऊक होतं म्हणून टाळत आलो. आता बहात्तरावं लागलंय. आधी मिस्त्री सांगतो, मग माझं.

कराडजवळच्या मलकापुरात हायवेच्या अलीकडे, एका रसवंतीला खेटून त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, दारात स्टूल आणि आत छतापर्यंत रचलेली कुकरची झाकणं. वर पाटी होती: ‘कुकर, स्टो, गॅस शेगडी दुरुस्त करून मिळेल’. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ: ‘तसेच पोवाड्यास झील’. ही ओळ वाचून लोक गोंधळायचे. एकदा माझ्यासमोरच एका बाईंनी विचारलं, “आमच्या कुकरची झील बदलायची झाली तर किती दिवस लागतील?”

मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, “वैनी, तुमच्या कुकरला रिंग लागंल. झील मानसाला लागती.”

हे ते ज्या आवाजात म्हणाले तो ऐकून बाईंनी आधी दुकानात मागे कोणी बाई बसली आहे का ते वाकून पाहिलं. मिस्त्री सहा फुटांच्या आसपास उंच, खांदे पैलवानाचे, मिशा पांढऱ्याशुभ्र आणि कानात अत्तराचा फाया. एवढ्या देहातून जो आवाज यायचा तो बारीक, धारदार आणि इतका वरचा की नवखा माणूस दचकायचाच. फोनवर तर रोजची गंमत होती. कुठल्या तरी कंपनीची पोरगी फोन करायची, “मॅडम, सर आहेत का घरात?” मिस्त्री म्हणायचे, “हायती की, देतो.” मग फोन या कानाचा त्या कानाला लावायचे आणि त्याच आवाजात म्हणायचे, “हां, बोला.” पलीकडची पोरगी पुन्हा म्हणायची, “मॅडम, सरांना द्या ना.”

आमची ओळख शाळेत झाली. मी तेव्हा मराठी शिकवत होतो आणि फावल्या वेळात शाहिरी करत होतो. आमच्या हेडमास्तरांचं हेडक्लार्कशी काहीतरी बिनसलं होतं. स्टाफरूममध्ये ते ओरडत होते, “नुसती माझ्या मागं झील ओढत जाऊ नका. स्वतःचं डोकं वापरा.” खिचडीची शेगडी दुरुस्त करायला आलेला एक उंच मिस्त्री व्हरांड्यात बसला होता. तो पाना हातात घेऊन दारात आला.

“साहेब, माफी असावी. शब्द वापरायचा तर नीट वापरा.”

“कोणता शब्द?”

“झील. हांजी हांजी करणाऱ्याला झील ओढतो म्हणत्यात, ते चूक हाय. हांजी हांजी खालच्या आवाजात करत्यात. झील शाहिराच्या वरनं जाती.”

हेडमास्तर इतके चकित झाले की रागवायचं विसरले. मी मात्र उठलोच. शब्दकोशात ‘झील’ पाहिली तर दोन अर्थ सापडतात: एक म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागे साथीदारांनी धरलेला उंच सूर, आणि दुसरा म्हणजे कोणाच्याही बोलण्याला ‘जी जी’ करणं. मी वर्गात दोन्ही अर्थ शिकवत आलो होतो आणि दुसरा अधिक शिकवला होता, कारण परीक्षेत तो यायचा. पहिला अर्थ व्हरांड्यात शेगडीचा बर्नर साफ करत बसलेला असेल, अशी मला कल्पना नव्हती.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. विचारलं, “तुम्ही गाता?”

“गातो म्हणू नका, गुर्जी. गातोय तो शाहीर. आमी झीलकरी. माजा बाप झीलकरी हुता. तो म्हणायचा, शाहीर दम घ्यायला थांबतो, तवा गाणं खाली पडतंय. ते पडायच्या आत धरतो तो झीलकरी. शाहिराचा दम झाला की गाणं त्येच्या हातात परत द्यायचं आणि आपुन गप बसायचं.”

“मग दाखवा.”

“हितं? पोरं भित्याल.”

दाखवलं त्यांनी. उजवा तळहात कानावर ठेवला, मान थोडी वर केली आणि ‘जी जी रं जी’ असं एकदाच म्हणाले. शाळेतले सगळे वर्ग एका क्षणात गप्प झाले. माझ्या सबंध नोकरीत मला ते एकदाही जमलं नव्हतं.

त्या दिवसापासून मिस्त्री आमच्या पार्टीत आले. मी शाहीर, हातात डफ. माझा एक विद्यार्थी, जो पुढे तलाठी झाला, तो पेटीवर. एक ढोलकीवाला. आणि माझ्या मागे, डावीकडे, झांज घेऊन मिस्त्री.

त्यांच्या कानाविषयी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मिस्त्रींना पेटीशिवाय पट्टी ओळखता यायची. जगातला प्रत्येक आवाज त्यांच्या लेखी पेटीवरची एखादी पट्टी होता. बसचा हॉर्न वाजला की म्हणायचे, “पांढरी चार.” रसवंतीच्या चरकाचे घुंगरू “काळी एक, जरा उतरल्याली.” कुकर दुरुस्त झाला की तो गॅसवर चढवून ते शिट्टीची वाट पाहायचे आणि ती मनासारखी लागली नाही तर गिऱ्हाइकाने कितीही मागितला तरी द्यायचे नाहीत. “वजन झिजलंय वैनी. शिट्टी पांढरी पाचला पायजे, ही बगा कुठं रेंगाळती.” बायका वैतागायच्या. “आवं मिस्त्री, आमाला वरण शिजवायचंय, भजन न्हाई लावायचं.” पण दुरुस्तीला यायच्या त्यांच्याकडेच.

त्यांचा स्वतःचा सूर काळी चारचा. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही पट्टी साधारणपणे बायकांची. पुरुष गडी तिथे गायला लागला तर दोन कडव्यांत घाम फुटतो. मी तिथे गायचो आणि मला त्याचा माज होता. मिस्त्री तिथे राहायचे. झोपेतून उठवून ‘जी जी’ म्हणायला सांगितलं तरी काळी चारच लागायची. म्हणायचे, “माज्या गळ्यात बापानं एकच खुंटी ठोकलीया. काय टांगायचं ते तिथंच टांगायचं.”

लाउडस्पीकर आल्यापासून त्यांनी एक सवय लावून घेतली होती. मंचावर चढताना अत्तराचे फाये काढून दोन्ही कानांत कापसाचे घट्ट बोळे घालायचे. मी म्हणायचो, “अहो, ऐकू काय येणार?” तर म्हणायचे, “ऐकायचंच न्हाई. ह्या भोंग्यांचं ऐकलं तर सूर हलतोय. सूर भायेरनं घ्यायचा नसतो. तुमचा डफावरला हात दिसला की मी आत शिरतो.” आणि मंचावरून उतरेपर्यंत बोळे काढायचे नाहीत, हा बापाचा नसला तरी त्यांचा स्वतःचा पक्का नियम. आमची पट्टी कधी बदलतच नव्हती, त्यामुळे त्या बोळ्यांनी कधी काही बिघडलं नाही.

उलट एकदा त्या आवाजानेच आम्हाला वाचवलं. जत तालुक्यातल्या एका गावी यात्रेत दुपारचा कार्यक्रम होता. ऊन असं की डफाचं चामडं टणटणत होतं. पाण्याचा टँकर नुकताच येऊन उभा राहिलेला, निम्मं गाव घागरी घेऊन तिकडे. मी ‘विहिरीचा पोवाडा’ सुरू केला, माझाच, गावाने मिळून विहीर खणल्याचा. पहिल्या कडव्यालाच वीज गेली. भोंगे मुके झाले. मी चार ओळी ओरडून पाहिल्या, तिसऱ्या रांगेपलीकडे काही जाईना. लोक उठायला लागले. मी दम घ्यायला थांबलो आणि मिस्त्रींनी झील दिली.

ती झील देवळाच्या पारावरून निघाली आणि पार टँकरपर्यंत गेली. घागरी घेतलेल्या बायका वळून आल्या. माळावर एका म्हाताऱ्या मेंढपाळाची मेंढरं चरत होती, त्यांनी माना वर केल्या. हे मी पाहिलंय. पुढचा दीड तास विजेशिवाय कार्यक्रम झाला. माझे शब्द जवळच्यांना ऐकू आले असतील, लांबच्यांनी नुसती झील ऐकली आणि बसून राहिले.

संपल्यावर तो मेंढपाळ काठी टेकत आला. सीमेकडची बोली, निम्मी कानडी. “येनप्पा, ह्यो आवाज कुठनं काढतोस तू?”

“आतनं,” मिस्त्री म्हणाले.

“किती फुटावनं? आमी पाचशे फूट बोअर मारली तरी काय लागंना बग.”

मिस्त्री इतके खूश झाले की परतीच्या वाटेवर प्रत्येक गावाला त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. आवाजावरून हसणाऱ्यांचा त्यांना कधी राग यायचा नाही. बसमध्ये कोणी मागून “ओ ताई, सरका की जरा” म्हणालं तर ते सरकायचे आणि मग सावकाश वळून मिशा दाखवायचे. मी विचारलं होतं, “वाईट नाही वाटत?” म्हणाले, “कशापायी? ढोलकी वाजती म्हून ढोलकीला लाज वाटती व्हय?”

आता माझं.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी माझा आवाज उतरायला लागला. कडव्याच्या शेवटी वर जायचं तिथे गळा घासायचा. हे मला कळत होतं, पेटीवाल्याला कळत होतं, पण तोंडाने बोलले फक्त मिस्त्री. सांगलीच्या पोवाडा स्पर्धेआधीच्या आठवड्यात तालमीनंतर चहा पिताना ते सहज म्हणाले, “गुर्जी, आता काळी तीन धरू या. एक पट्टी खाली. मी बी दोन-चार दिस बसून खुंटी हलवतो. त्यात काय लाज हाय, वय झालं आपलं.”

बाकीचे सगळे समोर होते. मी कप ठेवला आणि म्हणालो, “मिस्त्री, तुम्हाला झेपत नसेल तर सांगा. मी काळी चार मरेपर्यंत सोडणार नाही.”

“तसं न्हवं गुर्जी.”

“मग कसं?”

“ऱ्हायलं,” ते म्हणाले आणि माझा कप विसळून ठेवला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सांगलीत उतरलो तेव्हा माझा गळा वरच्या पट्टीला तयारच नव्हता. आमचा नंबर चौथा. मिस्त्री बाहेर ढोलकीवाल्याला नाट्यगृहाचा पंखा कुठल्या पट्टीत फिरतो ते समजावून सांगत होते. मी पेटीवाल्याला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणालो, “काळी तीन धर.”

तो म्हणाला, “सर, मिस्त्रींना सांगून येतो.”

“काही गरज नाही. त्यांना कळतं सगळं.”

“पण सर, त्यांच्या कानात बोळे—”

“मी सांगतोय ना.”

तो माझा विद्यार्थी. सातवीत माझ्या हातची छडी खाल्लेला. पेटी उचलून आत गेला. मिस्त्रींना एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य म्हणजे ‘तुमचं बरोबर होतं’ असं होतं आणि तीन मिनिटांत मंचावर जायचं असताना मला ते म्हणवेना. मला असंही वाटलं की इतक्या कानाचा माणूस आहे, सावरून घेईल. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर त्या बोळ्यांतून काही जात नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

पहिलं कडवं बरं गेलं. मी दम घेतला, डफावर हात मारला आणि मिस्त्री आत शिरले. काळी चारला. नेहमीसारखे, स्वच्छ, सुईसारखे. खाली पेटी आणि मी काळी तीनला. ऐकणाऱ्याला दोन्हीतलं कुठलं खरं हे कसं कळणार? त्याला शाहीर आणि पेटी एकीकडे आणि एक जण भलतीकडे एवढंच ऐकू येतं. समोरच्या रांगेत दोघं हसली. मिस्त्रींना हसणं दिसलं. आपला सूर कमी पडतोय असं समजून त्यांनी दुसऱ्या झिलीला आणखी जोर लावला. तिसऱ्या झिलीला सगळं सभागृह हसलं. त्यानंतर मिस्त्रींनी तोंड मिटलं आणि शेवटपर्यंत नुसती झांज वाजवली. पुढची सहा कडवी, मी दम घ्यायला थांबलो की गाणं खाली पडत होतं.

परीक्षकांनी जाहीरपणे सांगितलं, शाहीर उत्तम, झील बेसूर. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं.

मागच्या खोलीत मिस्त्रींनी कानातले बोळे काढले, नीट घडी केल्यासारखे रुमालात ठेवले आणि मला विचारलं, “गुर्जी, पट्टी कोंची हुती?”

मी म्हणालो, “नेहमीचीच. काळी चार.”

त्यांनी पेटीवाल्याकडे पाहिलं. तो पेटीची खोळ बांधत होता. एकच गाठ तो सोडून सोडून बांधत राहिला.

“मग माजीच ढळली,” मिस्त्री म्हणाले. “तुमचा नंबर गेला माज्यामुळं. वाईट वाटून घेऊ नका.”

म्हणजे दिलासा त्यांनी मला दिला.

त्या झिलीची कोणीतरी मोबाइलवर चित्रफीत काढली होती. आठवड्याभरात ती अख्ख्या कराड-मलकापुरात फिरली, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मिस्त्रींनी ती कधी ऐकली नाही. पोरगा लावायला गेला तर ते उठून बाहेर जायचे. त्यांनी एकदा जरी ऐकली असती तरी पहिल्या ओळीला माझी चोरी धरली असती. त्यांनी ऐकू नये, अशी मी रोज इच्छा केली. ती पुरी झाली.

महिन्याभराने ते माझ्या घरी आले, फेटा आणि झांज टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “तरणा गडी बगा गुर्जी.” पाटीवरची खालची ओळ त्यांनी पुसून घेतली. मला मात्र पुढच्याच वर्षी एका मंडळाने शाल दिली आणि प्रास्ताविकात माझ्या वरच्या पट्टीचं कौतुक झालं. शाल चांगली उबदार आहे. मी ती वापरत नाही.

आजही चार जुनी माणसं भेटली की म्हणतात, त्या दिवशी मिस्त्री ढळले, नाहीतर पहिला नंबर आपलाच. मी मान हलवतो. हांजी हांजी खालच्या आवाजात करतात हे मिस्त्रींचं म्हणणं अगदी खरं आहे. मी तर ती आवाजाशिवाय करत आलो.

दोन वर्षांपूर्वी पेटीवाला घरी आला. त्याच्या मोबाइलवर सूर मोजायची काहीतरी सोय होती. त्याने ती चित्रफीत लावली आणि काटा मला दाखवला. मिस्त्रींच्या तिन्ही झिली काळी चारवर, काटा केसभरही हललेला नाही. “सर,” तो म्हणाला, “मी तुम्हाला कधी उलट बोललो नाही. पण एकदा जाऊन सांगा. नाहीतर मी सांगतो.”

मी म्हणालो, मीच जातो. लिहा म्हणणाऱ्यांतला तिसरा, ज्याच्यावर मी रागावलो, तो हाच.

गेलो. रिकाम्या हाताने जायला धीर होईना म्हणून घरातला चांगला चालू कुकर पिशवीत घालून नेला. मिस्त्री थकले होते, स्टुलावर बसून होते, काम मुलगा करत होता. मला पाहून उठायला लागले. मी बसवलं.

“काय झालं कुकरला?”

“शिट्टी नीट होत नाही.”

त्यांनी झाकण उलटंसुलटं पाहिलं, रिंग चाचपली, व्हॉल्व्ह पाहिला. “ह्येला तर काय बी झालं न्हाई, गुर्जी.”

“तरी तुम्ही एकदा लावून ऐका.”

ते हसले. “मी ऐकून काय उपेग? माज्या कानाचा भरवसा गेला. पोराला दावा. त्यो घड्याळ लावून बघतोय.”

हीच वेळ होती. समोर तेच होते, ऐकू त्यांना सगळं येत होतं, दुकानात चौथा माणूस नव्हता. मी म्हणालो, “मिस्त्री, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“बोला की.”

“तुमची तब्येत जपा,” मी म्हणालो.

मुलाने कुकरला नवी रिंग बसवून दिली. जुनी चांगली होती.

मिस्त्री गेले ते मागच्या हिवाळ्यात. मी पुण्याला मुलाकडे होतो, आलो तेव्हा दहावा दिवस होता. घरी गेलो. भाभींनी, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नीने, खुर्ची दिली, चहा ठेवला, त्यांच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. फार त्रास झाला नव्हता. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि आतून त्यांनी एक जुना लिफाफा आणला.

“ह्ये बगा गुर्जी, तुमी शिकल्याली मानसं, तुमाला कळंल. त्या सांगलीच्या पोग्रामनंतर मिरजेला जाऊन कान तपासून घेतल्यालं. मशीन लावून. डॉक्टर म्हणाला, कानात खोट न्हाई, तरण्या पोरावानी कान हायत. आमी समदी खूश. तर ह्ये म्हणाले, डॉक्टर चुकतोय.”

“का?”

“म्हणाले, कान बराबर असतील तर मग गुर्जी खोटं बोलले असं हुतंय. आन् गुर्जी कशाला खोटं बोलत्याल?”

त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या पाहण्यात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं, डॉक्टर इतका कसा चुकला याचं. मी तो कागद हातात घेतला, वरून खालपर्यंत वाचला, घडी करून परत दिला आणि चहा संपवून उठलो.

तिथे म्हणायचं होतं ते, आणि त्याआधी दुकानात, आणि त्याही आधी सांगलीच्या त्या मागच्या खोलीत म्हणायचं होतं ते, एवढंच होतं: मिस्त्री, पेटी काळी तीनवर होती. मीच धरायला लावली आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुमचा सूर जिथे असायचा तिथेच होता. ढळलो मी. मला माफ करा.